स्वतः जोडलेल्या डॅकमधील हमिंग: चिपला हात लावण्यापूर्वीच्या तपासण्या

किट आणून घरी जोडलेला डॅक बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी वाजू लागतो. संगणकातले अंकीय संगीत अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये बदलून अ‍ॅम्प्लिफायरला देण्याचे काम तो व्यवस्थित करतो, पण गाणे थांबले किंवा ख्यालाच्या सुरुवातीला नुसता तानपुरा वाजत असला की स्पीकरमधून एक सलग ‘घुंऽऽ’, म्हणजेच हमिंग, ऐकू येते. कोल्हापुरात माझ्या स्वतःच्या आणि परिचितांच्या घरी हा एकच दोष मी अनेकदा शोधून दूर केला आहे. पहिल्या दोन वेळा मी डॅकची चिपच बदलली आणि दोन्ही वेळा आवाज जसाच्या तसा राहिला. त्यानंतर आजपर्यंत एकदाही या दोषाचे मूळ मला चिपमध्ये सापडलेले नाही. ते सापडले आहे केबलमध्ये, अर्थिंगमध्ये, ट्रान्सफॉर्मरच्या जागेत आणि वीजपुरवठ्याच्या भागात. म्हणून खालील क्रम फुकट करता येणाऱ्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि सोल्डरिंग आयर्न शक्य तितका उशिरा हातात घ्यायला लावतो.

लक्षणे

तपासणीपूर्वी आवाज नीट ऐकून त्याचे वर्णन कागदावर लिहून ठेवावे, कारण निम्मे निदान तिथेच होते.

आवाज स्पीकरमधून येतो की डॅकच्या डब्यातून, हे आधी ठरवावे. डब्याला कान लावल्यावर ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणत असेल आणि स्पीकर शांत असेल, तर तो यांत्रिक कंप आहे. त्याचा सिग्नलशी संबंध नाही.

स्पीकरमधला आवाज अ‍ॅम्प्लिफायरचा व्हॉल्यूम कमी केल्यावर कमी होत असेल, तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे डॅक, केबल किंवा संगणक यांच्या बाजूला आहे. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही आवाज तेवढाच राहत असेल, तर तो अ‍ॅम्प्लिफायरचा आहे आणि डॅक उघडण्याचे कारण नाही.

आवाजाची जातही महत्त्वाची आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. तिचा मऊ, खोल घुमारा ऐकू येत असेल, तर तो बहुधा ग्राउंडच्या वेढ्यातून (ग्राउंड म्हणजे सर्किटचा सामाईक शून्य बिंदू; यंत्रांची ग्राउंड एकाहून अधिक वाटांनी जोडली गेली की हा बंद फेरा तयार होतो) किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून आलेला असतो. आवाज खरखरीत आणि १०० हर्ट्झचा असेल, तर संशय रेक्टिफायर (एसीची डीसी करणारे डायोड) आणि फिल्टर कपॅसिटर (ती डीसी सपाट करणारा भाग) यांवर घ्यावा, कारण पूर्णलहरी रेक्टिफायर दर सेकंदाला १०० वेळा कपॅसिटर भरतो. ज्यांचा कान सुरांना सरावलेला आहे त्यांच्यासाठी एक सोपी खूण आहे. पांढरी पाच पट्टीच्या तानपुऱ्यातील खर्जाची तार सुमारे ९८ हर्ट्झवर असते. मोबाइलवरील तानपुरा त्या पट्टीत लावला आणि हमिंग त्या खर्जाशी जवळजवळ जुळून सेकंदाला साधारण दोन हेलकावे देऊ लागली, तर त्या आवाजात १०० हर्ट्झचा अंश नक्की आहे. याच कारणाने ही हमिंग तानपुऱ्याच्या आड दडते आणि कित्येक महिने लक्षात येत नाही. ज्यांना असे ऐकणे अवघड वाटते त्यांनी मोबाइलवरील ध्वनी-स्पेक्ट्रम दाखवणारे एखादे मोफत अ‍ॅप वापरावे. मात्र मोबाइलचा माइक ५० हर्ट्झला मंद असतो, हे ध्यानात ठेवावे.

माउस हलवल्यावर किंवा फाइल उघडताना बदलणारी चिरचिर यूएसबीच्या ग्राउंडमधून येते. डब्याला हात लावल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल, तर कुठेतरी ग्राउंड तुटलेले आहे. फक्त संध्याकाळी वाढणारी हमिंग ही एक वेगळीच गोष्ट आहे. तिच्याकडे पुढे सविस्तर येतो.

पहिली तपासणी: केबल काढून पाहणे

कोणतीही आरसीए केबल (डॅकमधून अ‍ॅम्प्लिफायरकडे सिग्नल नेणारी, मध्ये पिन आणि बाहेर कडे असलेल्या प्लगची केबल) काढण्या-घालण्यापूर्वी अ‍ॅम्प्लिफायर बंद करावा. आरसीए प्लगची मधली पिन बाहेरच्या कड्याच्या आधी टेकते आणि त्या क्षणी येणारा मोठा ठोका स्पीकरला इजा करू शकतो.

आधी डॅकची केबल अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाकडून काढावी आणि त्या जागी मधली पिन व कडे आत जोडून टाकलेला जुना आरसीए प्लग लावावा. आता अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण शांत झाला, तर तो निर्दोष आहे. मग केबल परत लावावी, पण डॅकच्या मागची यूएसबी काढून ठेवावी आणि डॅक नुसता चालू करावा. या स्थितीतही हमिंग असेल, तर दोष डॅकच्या डब्यात आहे. ती नाहीशी झाली असेल, तर डॅक बहुधा चांगला आहे आणि त्रास संगणकाच्या बाजूने येतो. पाच मिनिटांत, एक रुपयाही खर्च न करता, शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते. या पायरीला फाटा देऊन थेट डबा उघडणारे अनेक जण मी पाहिले आहेत आणि त्यांचा आठवडा वाया जातानाही पाहिला आहे.

दुसरी तपासणी: चार्जर, एचडीएमआय आणि केबल टीव्ही

लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. हमिंग किंवा चिरचिर तत्काळ थांबली, तर वेढा चार्जरमधून पूर्ण होत होता. चार्जर तीन पिनांचा असेल, तर त्याचे अर्थिंग, अ‍ॅम्प्लिफायरचे अर्थिंग आणि आरसीए केबलचे कवच मिळून ग्राउंडचा वेढा तयार होतो. दोन पिनांचा असेल, तर आतल्या गाळणी कपॅसिटरमधून अत्यंत क्षीण गळती प्रवाह लॅपटॉपच्या ग्राउंडवर येतो. धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवताना जाणवणाऱ्या मुंग्या त्याच असतात. तो प्रवाह अर्थिंगकडे जाण्यासाठी डॅक आणि आरसीए केबल यांचा रस्ता पकडतो.

राजारामपुरीतील एका घरी चार्जर काढूनही हमिंग थांबली नव्हती. लॅपटॉपला टीव्हीची एचडीएमआय केबल जोडलेली होती, टीव्हीला सेट-टॉप बॉक्स आणि सेट-टॉप बॉक्सला गच्चीवरून गच्चीवर ओढत आणलेली केबल टीव्हीची कोअ‍ॅक्सियल तार. त्या तारेचे कवच दूर कुठेतरी वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेले असते. दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील व्होल्टेजचा फरक डॅकच्या ग्राउंडमधून वाहतो आणि ५० हर्ट्झचा घुमारा बनून ऐकू येतो. सेट-टॉप बॉक्सच्या मागचा कोअ‍ॅक्सियल स्क्रू सोडवताच घर शांत झाले. म्हणून टीव्हीशी कोणत्याही मार्गाने जोडलेली व्यवस्था असेल, तर ही तार सोडवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उपाय दोन आहेत. किटवर ऑप्टिकल इनपुट असेल, तर तोच वापरावा. १९८३ साली तोशिबाने आणलेल्या टॉसलिंक पद्धतीत सिग्नल प्रकाशाने जातो, दोन यंत्रांमध्ये तांब्याचा संबंधच राहत नाही आणि वेढा मुळातच तुटतो. यूएसबीच वापरायची असेल, तर मध्ये यूएसबी आयसोलेटर बसवता येतो. मात्र एडीयूएम४१६० या चिपवर बांधलेले स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटच्या वेगापुरतेच चालतात. साध्या यूएसबी रिसीव्हरला (किटवरील यूएसबीचा सिग्नल घेणाऱ्या चिपला) तेवढा वेग पुरतो, पण एक्समॉससारख्या हाय-स्पीड रिसीव्हरवर मोठ्या सॅम्पलिंग दराच्या फाइल त्यातून जाणार नाहीत. खरेदीपूर्वी आपल्या किटवरचा रिसीव्हर कोणता आहे हे पाहून घ्यावे.

तिसरी तपासणी: घराचे अर्थिंग

डॅक, अ‍ॅम्प्लिफायर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणावेत. अर्थिंगच्या वेगवेगळ्या वाटांमधील फरक त्यामुळे कमी होतो आणि अनेकदा हमिंग निम्म्याहून अधिक उतरते.

जुन्या पेठांमधील वाड्यांत अजूनही असे सॉकेट दिसतात की ज्यांना तिसरे छिद्र आहे, पण त्यामागे तारच नाही. मीटरने मोजण्याचा सराव असलेल्यांनी सॉकेटवर तीन मापे घ्यावीत: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन मापे जवळजवळ सारखी, सुमारे २३० व्होल्ट, आणि तिसरे एक-दोन व्होल्टच्या आसपास असावे. तिसरे माप दहा-वीस व्होल्ट किंवा त्याहून अधिक असेल किंवा फेज ते अर्थ हे माप फारच कमी भरत असेल, तर अर्थिंग तुटलेले किंवा अत्यंत कमकुवत आहे. सराव नसलेल्यांनी सॉकेटमध्ये प्रोब घालू नयेत.

इथे पहिला थांबा आहे. अर्थिंग नसल्याचे दिसले, डब्याला हात लावल्यावर झटका बसला किंवा घरातील आरसीसीबी (गळती प्रवाह दिसताच वीज तोडणारा स्विच) वारंवार पडू लागला, तर डॅक बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. तो अर्थिंगचा खड्डा तपासेल, तार सलग आहे का पाहील आणि गरज असल्यास नवे अर्थिंग करील. हमिंग हा त्या घरातील सर्वांत लहान प्रश्न असतो. त्याच सॉकेटवर उद्या गिझर किंवा वॉशिंग मशीन लागणार असते.

आणि एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने सांगतो. प्लगची अर्थ पिन काढली की हमिंग थांबते, हा सल्ला ऐकिवात येतो आणि हमिंग त्याने खरोखर थांबतेही. पण धातूच्या डब्यात ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन एखाद्या दिवशी फाटले, तर तो डबा २३० व्होल्टवर उभा राहील आणि आरसीए केबलमधून ते व्होल्टेज प्रत्येक जोडलेल्या यंत्रापर्यंत जाईल. अर्थ पिन कधीही काढू नये.

चौथी तपासणी: डब्यातील तारा आणि सांधे

आता डबा उघडायचा. प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा, पाच मिनिटे थांबावे आणि फिल्टर कपॅसिटरवर मीटर लावून व्होल्टेज शून्याजवळ आले आहे याची खात्री करावी. मेन्सचा, म्हणजे घरच्या विजेचा, स्विच, फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (मेन्सकडची गुंडाळी) यांचे उघडे टोक स्लीव्हने झाकलेले नसेल, तर ते आधी झाकावे.

मुख्य अर्थची हिरवी तार थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे कडे) लावून डब्याला स्क्रूने घट्ट बसलेली असावी आणि त्या जागेचा रंग खरवडलेला असावा. कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक भागातून अ‍ॅल्युमिनियमचा सुंदर पावडर कोटिंग केलेला डबा करून घेणारे इथेच चुकतात, कारण पावडर कोटिंग विजेला अडवते आणि अर्थ नावालाच राहते.

त्यानंतर आरसीए सॉकेटचे कडे आणि डबा यांच्यात मीटरची बीप घ्यावी. किटमधले आरसीए सॉकेट प्लास्टिकच्या चकत्यांनी डब्यापासून वेगळे ठेवलेले असावे लागतात; एखादी चकती बसवायची राहिली, तर सिग्नल ग्राउंड दोन ठिकाणी डब्याला टेकते आणि डब्याच्या आतच लहानसा वेढा तयार होतो. सर्व ग्राउंड एका बिंदूला (यालाच स्टार बिंदू म्हणतात) आणावेत आणि त्या बिंदूपासून डब्याकडे एकच जोड असावी. तो जोड थेट न देता १० ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर उलट-सुलट जोडलेले दोन दणकट डायोड आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर अशा मार्गे दिला, तर वेढ्यातील क्षीण प्रवाह रोखला जातो आणि बिघाडाच्या वेळी मोठा प्रवाह डायोडमधून सुरक्षितपणे अर्थकडे जातो. डबा मात्र स्वतः नेहमी थेट अर्थलाच जोडलेला राहिला पाहिजे.

जी चूक मला सर्वांत जास्त वेळा सापडली ती अशी. ट्रान्सफॉर्मरचा मध्य टॅप (गुंडाळीच्या मध्यावरून काढलेली तार), दोन फिल्टर कपॅसिटरचा सामाईक बिंदू आणि आउटपुटचे ग्राउंड ही तिन्ही सोयीसाठी एकाच लांब तारेवर ओळीने जोडलेली असतात. कपॅसिटर भरताना प्रवाह सलग वाहत नाही, थोड्या वेळासाठी उंच ठोके मारत वाहतो. तारेचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाइतका असला, तरी त्या ठोक्यांनी तारेवर काही मिलिव्होल्ट उभे राहतात आणि आउटपुटचे ग्राउंड त्याच तारेवर असल्याने ते सिग्नलमध्ये मिसळतात. पीसीएम५१०२ए या डॅक चिपचे पूर्ण आउटपुट सुमारे २.१ व्होल्ट आणि तिचे सिग्नल-गोंगाट गुणोत्तर ११२ डेसिबलचे. पण ग्राउंडवर केवळ २ मिलिव्होल्टची हमिंग आली, तर हाती ६० डेसिबलच उरतात. इतकी चांगली चिप एका चुकीच्या जागी जोडलेल्या तारेमुळे व्यर्थ जाते, याचे मला दर वेळी वाईट वाटते. मध्य टॅप आधी कपॅसिटरच्या सामाईक बिंदूवर यावा आणि तिथून वेगळी तार स्टार बिंदूकडे जावी. तार हलवायला दहा मिनिटे लागतात.

सांध्यांपैकी आरसीए सॉकेटचे सांधे प्रथम पाहावेत. सॉकेटचा धातू जाड असतो, लहान आयर्नने तो पुरेसा तापत नाही आणि ड्राय सोल्डर राहतो. असा सांधा निस्तेज आणि दाणेदार दिसतो. त्याला पुन्हा डाग द्यावा. पावसाळ्यात हमिंगऐवजी चुरचुर सुरू झाली, तर बोर्डवर राहिलेला फ्लक्स (सोल्डर नीट पसरावे म्हणून वापरलेला चिकट पदार्थ) ओलावा धरत असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या ब्रशने बोर्ड धुऊन पूर्ण वाळवावा.

पाचवी तपासणी: ट्रान्सफॉर्मरची जागा

ट्रान्सफॉर्मर आउटपुटच्या भागाजवळ असेल, तर त्याचे क्षेत्र थेट सिग्नलच्या वेढ्यांत शिरते. अ‍ॅल्युमिनियमचा पडदा ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ अडवत नाही. त्यासाठी पोलादी पत्रा किंवा अंतर लागते आणि अंतर फुकट असते. टोरॉइडल (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचा स्क्रू सैल करून तो थोडा फिरवून पाहावा. प्रत्येक वेळी प्लग काढून फिरवावा, मग डबा झाकून ऐकावे. चाळीस-पन्नास अंश फिरवल्यावर हमिंग खूप उतरल्याचे मी पाहिले आहे, कारण ज्या बाजूने तारा बाहेर येतात तिथे क्षेत्राची गळती जास्त असते.

टोरॉइडच्या मधल्या बोल्टचे वरचे टोक डब्याच्या झाकणाला कधीही टेकू देऊ नये. बोल्ट, झाकण आणि तळ मिळून ट्रान्सफॉर्मरभोवती एक पूर्ण बंद फेरा होतो, त्यातून प्रचंड प्रवाह वाहतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. झाकण बसवल्यावरच फ्यूज जात असेल, तर सर्वप्रथम हेच पाहावे.

सहावी तपासणी: रेग्युलेटर आणि संध्याकाळची वीज

ज्या किटमध्ये ऑप-अ‍ॅम्पसाठी (सिग्नल वाढवून बाहेर देणाऱ्या चिपसाठी) १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि ७८१२ व ७९१२ रेग्युलेटर (अनुक्रमे धन व ऋण १२ व्होल्ट स्थिर ठेवणारे भाग) असतात, त्यांना संध्याकाळच्या हमिंगचा त्रास होतो. १२ व्होल्ट एसीपासून डायोडचे नुकसान वजा करून कपॅसिटरवर शिखराला सुमारे १६ व्होल्ट मिळतात. कपॅसिटर १००० मायक्रोफॅरॅडचा आणि प्रवाह १०० मिलिअँपिअर असेल, तर लहरींमुळे (डीसीवर उरलेल्या चढउतारांमुळे) हे व्होल्टेज दर चक्रात साधारण एक व्होल्टने खाली येते. ७८१२ ला नीट काम करण्यासाठी किमान १४ व्होल्टच्या आसपास हवे असतात, म्हणजे २३० व्होल्टला सर्व ठीक. परंतु मेन्स २१० वर आले की दरीतला बिंदू १४ च्या खाली जातो आणि १९० वर आले की शिखरही १४ ला पोहोचत नाही. मग रेग्युलेटर लहरी अडवू शकत नाही आणि १०० हर्ट्झची खरखर ऑप-अ‍ॅम्पपर्यंत जाते. माझ्या घरी एका उन्हाळ्यात रोज सात ते नऊ या वेळेत हमिंग का वाढते, हे मला कळत नव्हते. मेन्सचे व्होल्टेज चार दिवस लिहून ठेवल्यावर दोन्ही गोष्टींची वेळ एकच निघाली.

मापन असे करावे. डॅक चालू असताना रेग्युलेटरच्या इनपुटचे डीसी व्होल्टेज मोजावे. लहर पाहण्यासाठी मीटर एसीवर ठेवून प्रोबच्या मालिकेत १ मायक्रोफॅरॅडचा फिल्म कपॅसिटर लावावा, कारण स्वस्त मीटर एसीच्या मापात डीसीही धरतात आणि खोटा आकडा दाखवतात. इनपुटवर काही दशांश व्होल्टची लहर स्वाभाविक आहे. आउटपुटवर मात्र काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. उपाय म्हणून ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ चा घ्यावा आणि फिल्टर कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरॅड, ३५ व्होल्टचे बसवावेत. त्यामुळे वाढणाऱ्या उष्णतेसाठी हीटसिंक थोडा मोठा लागेल.

रेग्युलेटर बदलताना दोन गोष्टी पाहाव्यात. ७८१२ आणि ७९१२ यांच्या पायांचा क्रम वेगळा असतो. तसेच ७८१२ ची धातूची पाठ ग्राउंडला जोडलेली असते, तर ७९१२ ची पाठ इनपुटला. दोघांना एकाच हीटसिंकवर अभ्रकाच्या चकतीशिवाय बसवले, तर ऋण पुरवठा थेट ग्राउंड होतो. ७९१२ च्या आउटपुटजवळचा लहान कपॅसिटरही वगळू नये. तो नसेल, तर रेग्युलेटर स्वतःच कंपित होऊ लागतो.

इथे थांबावे

वरील सर्व तपासण्या होऊनही दोष उरला असेल किंवा फ्यूज बदलल्यावर लगेच पुन्हा जात असेल, ट्रान्सफॉर्मरला वार्निश जळल्याचा वास येत असेल, एकाच चॅनेलवर आवाज विकृत येत असेल, तर काम पुढे नेऊ नये. मोठ्या फ्यूजने प्रश्न झाकणे म्हणजे आग ओढवून घेणे. पीसीएम५१०२ए सारख्या चिपच्या पायांमधील अंतर ०.६५ मिलिमीटर असते. ती घरच्या आयर्नने काढताना बोर्डवरचे तांब्याचे पट्टे उचलले जातात आणि मग दुरुस्तीही शक्य राहत नाही. हॉट एअर आणि सूक्ष्मदर्शक असलेल्या दुरुस्तीकाराकडे बोर्ड द्यावा आणि सोबत एक कागद द्यावा: कोणती केबल काढल्यावर आवाजात काय फरक पडला, मेन्सचे व्होल्टेज किती होते, प्रत्येक रेग्युलेटरच्या इनपुट व आउटपुटवर किती डीसी आणि किती लहर मिळाली, आणि ट्रान्सफॉर्मर कोणत्या बाजूला फिरवल्यावर हमिंग सर्वांत कमी झाली.